मात्र

चिआतुरात माझं काम एवढंच : तारेवरची केबिन
या कड्यावरून त्या कड्यावर नेणं.
दार लावायचं, घंटा द्यायची, उभं राहायचं.
चार मिनिटं. खाली क्विरिला नदी,
मँगनीजने काळी पडलेली, कधीमधी उगाच हिरवी.
बावीस वर्षं मी असा अधांतरी पगार घेते.

गुरुवारी औषधांच्या दुकानावरच्या खोलीत
नाझिब्रोलाबाई चहाचा पत्र्याचा डबा हलवतात.
आत चिठ्ठ्या. एक काढायची आणि लिहायचं, लहान.
‘पोस्टकार्डाच्या पाठीवर मावेल एवढं,’ त्या म्हणतात,
‘आणि पत्त्याला जागा ठेवा.’

माझी पहिली चिठ्ठी : रिकामं असताना जड लागतं ते.
मी लिहिलं, नवरा गेल्यानंतरचं घर.
बाई म्हणाल्या, हे तर सगळेच लिहितात.
राग आला. मग वाटलं, खरंच की,
माझा नवरा गेलेला नाही, नुसता रुस्तावीला असतो
आणि दर रविवारी धुवायचे कपडे घेऊन येतो.
खोटं रडताना मी शब्दसुद्धा शेजारणीचे वापरले होते.

गेरोंती तीस वर्षं खाणीत होता.
चिठ्ठी कुठलीही येवो, तो कुत्र्यावरच लिहितो.
‘समुद्र’ आला : कुत्र्याने समुद्र पाहिला नव्हता.
‘लग्न’ आलं : कुत्रा दाराबाहेर बसून राहिला.
तेओना खालच्या दुकानात गोळ्या मोजते,
तिच्या ओळीही तशाच, सकाळी एक, रात्री एक.

मी सराव केबिनमध्ये करते.
खिशात चिठ्ठी, गुडघ्यावर तिकिटांची जुनी वही,
या कड्यावर पहिला शब्द, पलीकडे टेकायच्या आत शेवटचा.
बहुतेक गोष्टी मधल्या खांबापाशीच मरतात.
काही उतारूंबरोबर उतरून जातात,
मागून हाक मारायचीही सोय नसते.

मार्चमध्ये एकदा वीज गेली.
बरोब्बर मधोमध. वारा सुटलेला, केबिन
नाही-नाही म्हणत असल्यासारखी डुलत होती.
आत मी, म्हातारी दारेजान, आणि तिच्या पिशवीत कोंबडी.
जीव टांगणीला लागणं, हे तोवर मी
नुसती नोकरी म्हणून करत होते.
वेळच वेळ होता. चाळीस मिनिटं.
आणि एक ओळ येईना.
चिठ्ठीवर होतं : निरोप.
नऊ वेळा सुरुवात केली, नऊ वेळा खोडली.
चार मिनिटांत जे धावत-पळत येतं
ते चाळीस मिनिटांत पाय पसरून झोपलं.
दारेजानने मला सूर्यफुलाच्या बिया दिल्या,
वीज कंपनीच्या सात पिढ्यांना शिव्या दिल्या,
मग पिशवीत डोकावली आणि गप्प झाली.
अंडं. गरम.
ते माझ्या हातात ठेवून म्हणाली, धर जरा,
मला छातीवर क्रूस काढू दे.

एका हातात अंडं, दुसऱ्याने लिहिलं :
‘वीज गेली. कोंबडीला मात्र कुणी कळवलं नाही.’

गुरुवारी वाचलं. सगळे हसले, तेओना हसली नाही.
गेरोंतीने टोपी काढली, परत घातली.
नाझिब्रोलाबाईंनी पेन्सिल उचलली
आणि ‘मात्र’ खोडला.
म्हणाल्या, आता ऐक.
ऐकलं. बाई बरोबर होत्या.

पण तो शब्द मी वहीतून फाडून घेतला,
आठवडाभर खिशात वागवला, सुट्ट्या पैशांत.
बिचाऱ्याचं काही चुकलं नव्हतं,
फक्त त्याच्याशिवाय भागत होतं.
माझ्या ओळखीत अशी माणसं आहेत.

पुढच्या गुरुवारी गुपचूप डब्यात टाकला.
लागला गेरोंतीच्याच हाती.
त्याने बराच वेळ चष्मा पुसला. लिहिलं. उभं राहून वाचलं :
‘कुत्रा रोज खाणीच्या दारापर्यंत सोडायला यायचा. मात्र’
आणि बसला.

बाईंची पेन्सिल टेबलावरच राहिली.
खाली दुकानाची घंटा वाजली,
कुणाला तरी खोकल्याचं औषध हवं होतं.